किती नियासिन पुरतं, आणि गोळीनंतर अंगाची आग का होते?

बाजारात नियासिनची जी सुटी गोळी मिळते, तिच्यावर बरेचदा ५०० मिलिग्रॅम असा आकडा असतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. भारतीयांसाठीच्या २०२० च्या आहार-शिफारशींप्रमाणे बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला १४ मिलिग्रॅम नियासिन लागतं, बैठं काम करणाऱ्या बाईला ११, आणि दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला २३. म्हणजे ऑफिसात बसणाऱ्या माणसाची महिन्याभराहून जास्त दिवसांची गरज एकाच गोळीत आहे. त्यात हे पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व. एकदम जास्त घेतलं म्हणून शरीर ते महिनाभर पुरवून वापरत नाही.

अशी गोळी घेतल्यावर अनेकांना १५ ते ३० मिनिटांत चेहरा, कान, मान आणि छाती तापल्यासारखी वाटू लागते. त्वचेवर मुंग्या येतात, खाज सुटते, कुणाला सुया टोचल्यासारखं होतं, कुणाची अक्षरशः आग होते. गोऱ्या त्वचेवर लाली स्पष्ट दिसते. आपल्या सावळ्या त्वचेवर ती फारशी दिसतही नाही, पण आग तेवढीच होते. त्यामुळे घरातल्यांना वाटतं, दिसत तर काही नाही, मग हा माणूस एवढा का घाबरलाय? साधारण तासाभरात हे सगळं ओसरतं. याला फ्लश किंवा फ्लशिंग म्हणतात.

फ्लश कसा टाळायचा, हा प्रश्न लोक खूप विचारतात. त्याची उत्तरं आहेत आणि ती पुढे देणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिथेच लोकांचं नुकसान होताना दिसतं. फ्लश त्रासदायक असला, तरी नियासिनचा तो सर्वांत मोठा धोका नव्हे. फ्लश दाबून टाकला म्हणजे गोळी निर्धोक झाली, असंही नाही.

एका नावाखाली दोन पदार्थ

नियासिन म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. हे नाव दोन वेगळ्या पदार्थांसाठी वापरलं जातं. एक निकोटिनिक ॲसिड, दुसरा निकोटिनामाइड. लेबलवर हा दुसरा बहुतेक वेळा ‘नियासिनामाइड’ म्हणून येतो. शरीराला जीवनसत्त्व म्हणून दोन्ही सारखेच चालतात. दोन्हींपासून पेशी एनएडी नावाचा रेणू बनवतात, आणि खरं काम तोच करतो.

फरक मोठ्या मात्रेत दिसतो. निकोटिनिक ॲसिडमुळे फ्लश येतो, निकोटिनामाइडमुळे येत नाही. कोलेस्टेरॉलवर जो परिणाम होतो तोही निकोटिनिक ॲसिडचाच. निकोटिनामाइडला तो गुण नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या पट्टीमागचा मजकूर वाचून बघा, तिथे साधारणपणे नियासिनामाइडच लिहिलेलं असतं. म्हणून तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स घेणाऱ्या आपल्या लोकांनी फ्लशचं नावही ऐकलेलं नसतं. मग एखादा नातेवाईक परदेशातून ‘नियासिन’ची बाटली घेऊन येतो, किंवा जिममधल्या मुलाच्या प्री-वर्कआउट पावडरीत निकोटिनिक ॲसिड असतं, आणि पहिल्यांदाच अंगाचा भडका उडतो. पावडर घेणाऱ्याला ते ‘काम करतेय’ असं वाटतं. प्रत्यक्षात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, एवढंच.

तेव्हा बाटली हातात घेतली की दोनच गोष्टी शोधा: रूप कोणतं, आणि मिलिग्रॅम किती. नुसतं ‘नियासिन’ लिहिलं असेल आणि आकडा शेकड्यांत असेल, तर ते निकोटिनिक ॲसिड आहे असं धरून चला.

दोन रूपांमधलं अंतर किती, ते युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मर्यादांवरून कळतं. प्रौढांसाठी त्यांनी निकोटिनिक ॲसिडची रोजची वरची मर्यादा १० मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि निकोटिनामाइडची ९००. अमेरिकेत गोळ्या आणि जीवनसत्त्वं मिसळलेले पदार्थ मिळून ३५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि ती ठरवताना आधार फ्लशचाच घेतला गेला. ३० ते ५० मिलिग्रॅम निकोटिनिक ॲसिड एकदम घेतलं तरी काहींना फ्लश येतो. अन्नातल्या नियासिनला ही मर्यादा लागू नाही. जेवणातून इतकं सुटं निकोटिनिक ॲसिड एका वेळी पोटात जातच नाही.

अपवाद घडलेत, पण ते पिठात नियासिन मिसळताना झालेल्या चुकीचे. न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका घरगुती कार्यक्रमात बेगल नावाचे पाव खाल्ल्यावर पाहुण्यांच्या अंगाला खाज सुटली आणि चेहरे लाल झाले. शोध घेतल्यावर कळलं की त्या पावांच्या पिठात नियासिन भलतंच जास्त पडलं होतं.

ते नसलं तर काय होतं

एनएडी म्हणजे पेशीतला हमाल. भाकरीतल्या पिष्टापासून किंवा तुपातल्या स्निग्धापासून ऊर्जा काढताना जे इलेक्ट्रॉन सुटतात ते हाच इकडून तिकडे वाहून नेतो. शरीरातल्या ४०० हून अधिक एन्झाइमना तो लागतो. डीएनएची दुरुस्तीसुद्धा त्याच्यावर अवलंबून आहे. साहजिकच, ज्या पेशी सतत नव्याने बनतात किंवा ज्यांना भरपूर ऊर्जा लागते, त्यांना तुटवडा आधी जाणवतो: त्वचा, आतड्याचं अस्तर आणि मेंदू. नियासिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या आजारात नेमकं हेच दिसतं. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट, खरबरीत चट्टे, जुलाब, आणि पुढे भ्रम व विस्मरण. उपचार नसेल तर मृत्यू. गळ्याभोवती उमटणारा चट्ट्यांचा पट्टा स्पेनमधला डॉक्टर गास्पार कासाल याने १७३५ मध्येच नोंदवला होता.

पेलाग्राचा इतिहास मका आणि गरिबीचा आहे. मक्यात नियासिन असतं, पण ते अशा बांधलेल्या रूपात असतं की आतड्यात नीट शोषलं जात नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच दळतात, त्यामुळे ते सुटं होतं. युरोपने मका नेला, चुना तिकडेच राहिला. जिथे जिथे गोरगरीब जवळजवळ फक्त मक्यावर जगू लागले, तिथे पेलाग्रा पसरला: उत्तर स्पेन, इटली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं.

अमेरिकेत हा संसर्गजन्य रोग असल्याची समजूत होती. १९१४ मध्ये सरकारी आरोग्य सेवेतले डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे हे काम आलं. त्यांच्या लक्षात आलं की अनाथाश्रमात आणि वेड्यांच्या इस्पितळात राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, त्यांची सेवा करणाऱ्यांना होत नाही. फरक ताटात होता. १९१५ मध्ये त्यांनी मिसिसिपीतल्या तुरुंगात ११ कैद्यांना माफीच्या बोलीवर मका आणि तशाच निकस अन्नावर ठेवलं, आणि त्यांतल्या ६ जणांना पेलाग्रा झाला. कैद्यांवर असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि तेच योग्य आहे. एवढं होऊनही विरोधक ऐकेनात. तेव्हा गोल्डबर्गर यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या त्वचेचे पापुद्रेसुद्धा गिळले. कुणालाही आजार झाला नाही. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं नंतरचं काम. अर्थशास्त्राचे अभ्यासक एडगर सिडनस्ट्रिकर यांच्या साथीने त्यांनी कापडगिरण्यांच्या गावांत घरोघरी फिरून दाखवलं की घरातली मिळकत घटली की पेलाग्रा वाढतो. अन्नात नेमका कोणता पदार्थ कमी पडतो, हे कळायच्या आधीच, १९२९ मध्ये, ते वारले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांमधला तशाच प्रकारचा आजार निकोटिनिक ॲसिडने बरा करून दाखवला.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल. तसं नाही. दख्खनच्या पठारावरही पेलाग्रा होता, आणि इथे मक्याच्या जागी ज्वारी होती. हैदराबादच्या परिसरात जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये तो दिसायचा. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचं एक स्पष्टीकरण मांडलं: ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल खूप असतं, आणि ते शरीराला नियासिन बनवण्यात व वापरण्यात अडथळा आणतं. पुढच्या काळात सगळ्या प्रयोगांनी या मताला सारखा दुजोरा दिला नाही. पण नुसत्या ज्वारीवर भागवणारा माणूस धोक्यात येतो, या निरीक्षणात बदल झाला नाही.

यावरून कुणी ज्वारीची भाकरी सोडू नये, ही कळकळीची विनंती. अडचण भाकरीची नव्हती, भाकरीसोबत काहीच नसण्याची होती. सोलापुरात किंवा मराठवाड्यात भाकरीबरोबर पिठलं, डाळ, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पातीचा कांदा असं जे पानात येतं, ते ही कमतरता भरून काढतं. त्यातही शेंगदाणा. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे १२ मिलिग्रॅम नियासिन असतं. शाकाहारी माणसाच्या पानात इतकं नियासिन देणारे पदार्थ फार थोडे.

शेंगदाण्याचं हे मोल मालावीत फार दुःखद रीतीने कळलं. मोझांबिकमधल्या युद्धातून पळून आलेले लाखो निर्वासित तिथे मक्याच्या शिध्यावर होते. त्या शिध्यात शेंगदाणे असायचे. १९९० मध्ये शेंगदाण्यांचा पुरवठा तुटला, आणि त्या वर्षात पेलाग्राचे १८ हजारांच्या आसपास रुग्ण झाले. शेंगदाणे बंद होताच एवढं व्हावं, यावरून उरलेला शिधा किती अपुरा होता ते कळतं.

ताटातला हिशोब

नियासिन मोजताना लोक एक गोष्ट विसरतात. शरीर स्वतःही ते बनवतं. प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं, आणि साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नियासिन तयार होतं. मिश्र आहारातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅनचं प्रमाण ढोबळमानाने १ टक्का धरतात. दिवसाला ५० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली तर ५०० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन, म्हणजे ८ मिलिग्रॅमच्या आसपास नियासिन. बैठं काम करणाऱ्याची अर्ध्याहून अधिक गरज इथेच भागली. सगळं ट्रिप्टोफॅन काही नियासिनकडे वळत नाही आणि प्रत्येकाचं शरीर हे काम सारखं करत नाही, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा आहे. पण अंदाज यायला तो पुरतो.

यामुळेच दूध आणि अंडी कोड्यात टाकतात. दोन्हींत तयार नियासिन नावापुरतं असतं, तरी पेलाग्रावर ती उपयोगी पडतात, कारण त्यांतली प्रथिनं ट्रिप्टोफॅन पुरवतात. मोठा पेलाभर दूध यातून दीड-दोन मिलिग्रॅमची भर घालतं.

मांसाहारी लोकांना तर फारसा विचार करायची गरज नाही. शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या १०० ग्रॅम तुकड्यात १२-१३ मिलिग्रॅम नियासिन असतं. मासे चांगले, बांगडा आणि ट्यूना विशेष. शाकाहाऱ्यांनी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे खाल्ले की साडेतीन मिलिग्रॅम झालं. वर डाळ, उसळ, गव्हाच्या किंवा ज्वारी-बाजरीच्या भाकरी-पोळीतून येणारं, मशरूम खात असाल तर तेही, आणि दूध-दही. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात नियासिन जवळजवळ शून्य, त्या खिचडीला आधार दाण्याच्या कुटाचा. कॉफीतूनही थोडं मिळतं, कारण बिया भाजताना त्यांतल्या ट्रायगोनेलीनचं काही प्रमाणात निकोटिनिक ॲसिड होतं.

नियासिन उष्णतेने सहसा नष्ट होत नाही, पण पाण्यात उतरतं. भाताची पेज ओतून द्यायची सवय असेल तर तिच्यासोबत तेही जातं. तांदूळ पॉलिश करतानाही त्याचा मोठा वाटा कोंड्यात निघून जातो. पेज पिणाऱ्या कोकणी घरांना हे वेगळं सांगायला नको.

एवढं असताना कमतरता कुणाला होते? रोज दारू पिऊन जेवण टाळणाऱ्यांना, आणि आजही आपल्याकडे पेलाग्रा दिसतो तो बहुतेक अशा रुग्णांत. आतड्याच्या दीर्घ आजारात शोषण बिघडलेल्यांना. आणि क्षयाचं औषध चालू असलेल्यांना. आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध शरीरातल्या ब-६ जीवनसत्त्वाच्या आड येतं, आणि ट्रिप्टोफॅनपासून नियासिन बनवायला ब-६ लागतंच. म्हणून क्षयाच्या गोळ्यांसोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६, दिलं जातं. ती छोटी गोळी ‘ही काय ताकदीचीच’ म्हणून टाळू नका. औषध चालू असताना उन्हात उघड्या भागावर चट्टे, जुलाब किंवा चिडचिड-भ्रम दिसला तर डॉक्टरांना लगेच सांगा, पण औषध आपल्या मनाने बंद करू नका.

आग नेमकी कुठून येते

निकोटिनिक ॲसिड रक्तात चढलं की त्वचेतल्या लँगरहान्स पेशींवरच्या एका ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं. हा ग्राहक जीपीआर१०९ए या नावाने ओळखला जातो. तो जागा झाला की पेशी आपल्या आवरणातून ॲराकिडोनिक ॲसिड सोडते आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन डी२ व ई२ बनवते. हे दोन्ही लगतच्या केशवाहिन्यांना रुंदावतात. वाहिन्या रुंदावल्या की त्वचेत गरम रक्त भरतं: लाली, उष्णता, मुंग्या. निकोटिनामाइड या ग्राहकाला फारसं चिकटत नाही, म्हणून त्याने फ्लश येत नाही.

म्हणजे फ्लश ही ॲलर्जी नाही. आणि ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’ असलाही काही प्रकार नाही. अशा दाव्यांवर नियासिनचे ‘डिटॉक्स’ विकले जातात, त्यांना काही आधार नाही.

या साखळीवरून बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम ॲस्पिरिन रोखतं, त्यामुळे ॲस्पिरिनने फ्लश कमी होतो. उपाशीपोटी गोळी पटकन शोषली जाते, रक्तात निकोटिनिक ॲसिड झपाट्याने चढतं, म्हणून फ्लश जोरात येतो. गरम चहा, दारू, झणझणीत रस्सा, गरम पाण्याची अंघोळ, या सगळ्यांनी केशवाहिन्या आधीच रुंदावतात, त्यात फ्लशची भर पडते. रोज ठरावीक मात्रा घेतली की आठवड्या-दोन आठवड्यांत प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती मंदावते आणि त्रास उतरतो. मध्ये काही दिवस चुकले की पुन्हा पहिल्यासारखा.

मग ५०० मिलिग्रॅम घेतं कोण, आणि का

१९५५ मध्ये कॅनडातल्या रुडॉल्फ आल्टशूल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्रॅमच्या मापात दिलेलं निकोटिनिक ॲसिड कोलेस्टेरॉल उतरवतं. त्या काळी यासाठी दुसरी औषधं जवळजवळ नव्हतीच. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) चढतं. कागदावर यापेक्षा चांगलं औषध सापडणं कठीण. रोज ३ ग्रॅम देऊन अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या जुन्या अभ्यासात हृदयविकाराचे पुन्हा येणारे झटकेही कमी झाले. मात्र तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी आजची नेहमीची औषधं, नव्हती.

स्टॅटिन आल्यावर प्रश्न बदलला. स्टॅटिन घेणाऱ्याला वरून नियासिन दिलं तर आणखी फायदा होतो का? एम-हाय या अभ्यासात ३,४१४ रुग्णांवर हे तपासलं. त्यात एक अडचण होती. ज्याला फ्लश येतो त्याला कळतंच की आपली गोळी खरी आहे. म्हणून तुलनेसाठी दुसऱ्या गटाला दिलेल्या खोट्या गोळीतही थोडं निकोटिनिक ॲसिड घातलं, म्हणजे अंगाची आग दोघांचीही होईल. फायदा दिसत नाही म्हणून हा अभ्यास २०११ मध्ये लवकर थांबवला.

दुसरा अभ्यास याहून मोठा, २५,६७३ लोकांचा. तिथे फ्लशच रोखायचा असं ठरवलं. प्रोस्टाग्लँडिन डी२ ज्या ग्राहकावर काम करतं तो बंद करणारं लारोपिप्रँट नावाचं औषध नियासिनसोबत एकाच गोळीत दिलं. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. झटके, पक्षाघात कमी झाले नाहीत. उलट नव्याने मधुमेह होणाऱ्यांची, मधुमेहींची साखर बिघडण्याची, संसर्गाची आणि रक्तस्रावाची संख्या वाढली. ते संयुक्त औषध युरोपात २०१३ मध्येच मागे घेतलं होतं. २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मधल्या एका अभ्यासाने आणखी एक काळजी पुढे आणली: नियासिन गरजेपेक्षा जास्त झालं की शरीर त्याचे जे शेवटचे अवशेष बनवतं, ते रक्तात जास्त असणाऱ्यांना हृदयविकाराच्या घटनाही जास्त होतात. यावरून थेट कारण सिद्ध होत नाही, पण ‘जीवनसत्त्वच तर आहे, जास्त झालं तर काय बिघडलं’ हे म्हणणं आता सोडायला हवं.

त्यामुळे आज हृदयरोगतज्ज्ञ ही गोळी क्वचितच लिहितात. कोलेस्टेरॉलसाठी ती स्वतःच्या मनाने सुरू करण्याला तर काहीच कारण उरलेलं नाही.

फ्लश टाळण्याचे मार्ग, आणि त्यांतले खड्डे

सर्वांत साधा मार्ग मात्रेचा. गरज रोजच्या जीवनसत्त्वाचीच असेल आणि डॉक्टरांनी पूरक गोळी सांगितली असेल, तर नियासिनामाइड असलेली घ्या. फ्लशचा प्रश्नच येत नाही. अर्थात तेही अमर्याद नाही. दिवसाला ३ ग्रॅमच्या घरात गेलं की मळमळ आणि यकृताला इजा होऊ शकते.

डॉक्टरांनी निकोटिनिक ॲसिडच दिलं असेल तर ते कमी मात्रेपासून सुरू करून आठवड्यांच्या अंतराने वाढवतात. गोळी जेवणासोबत किंवा थोडं खाऊन घ्यायची, चहा-दारू-तिखट त्या वेळेपुरतं दूर ठेवायचं, अंघोळ आधी उरकायची. रात्री झोपताना घ्यायची गोळी असेल तर फ्लश बराचसा झोपेत निघून जातो. मात्र रात्री जाग आली तर एकदम उठू नका, रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर.

ॲस्पिरिन अर्धा तास आधी घेतल्याने फायदा होतो हे खरं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. जठरात व्रण असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते धोक्याचं आहे. आणि आपल्याकडे पावसाळ्यात ताप आलेला असताना ॲस्पिरिन घेऊच नये. ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो. मुलांना तर कधीच नाही.

आता खड्डा. बाजारात ‘स्लो रिलीज’ नियासिन मिळतं. ते हळूहळू विरघळतं, रक्तात एकदम चढत नाही, फ्लश कमी येतो. लोकांना वाटतं, ही सौम्य गोळी. पण असं हळूहळू सुटणारं नियासिन यकृतात वेगळ्या वाटेने पचतं आणि यकृताला जास्त जाचतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत साध्या नियासिनच्या गटातल्या २३ जणांपैकी एकाच्याही यकृताला विषबाधा झाली नाही. सावकाश सुटणाऱ्या गोळीच्या २३ जणांपैकी १२ जणांना झाली. दोन्ही प्रकारांत तेवढेच मिलिग्रॅम म्हणून एकाच्या जागी दुसरी गोळी परस्पर बदलणं म्हणूनच घातक. डॉक्टरांनी लिहून दिलेली एक्स्टेंडेड रिलीज गोळीही तोडून किंवा चुरून घेऊ नका, तिची सगळी रचना मोडते.

‘नो-फ्लश’ म्हणून विकलं जाणारं इनॉसिटॉल हेक्झानिकोटिनेट हा तिसरा प्रकार. फ्लश येत नाही, कारण त्यातून सुटं निकोटिनिक ॲसिड रक्तात फारसं येतच नाही. त्यामुळे ज्या कोलेस्टेरॉलसाठी लोक ते विकत घेतात, त्याच्यावरही ते परिणाम करत नाही. पैसे वाया.

यकृताचा आजार, मधुमेह, गाऊट किंवा वाढलेलं युरिक ॲसिड, जठरातला व्रण, यांपैकी काही असेल तर मोठ्या मात्रेचं निकोटिनिक ॲसिड डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हातातही घेऊ नका. स्टॅटिन चालू असेल तर स्नायूंना इजा होण्याची शक्यता वाढते. मोठी मात्रा घेणाऱ्याला धूसर दिसू लागलं तर नेत्रतज्ज्ञांकडे जायला हवं, दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येते आणि गोळी थांबवल्यावर ती बहुधा उतरते.

आणि फ्लश आलाच तर? बसा किंवा आडवे व्हा, पंखा लावा, साधं पाणी प्या, गार पाण्याचा ओला कपडा चेहऱ्यावर ठेवा. तासाभरात ओसरेल. पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. मात्र अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर तो फ्लश नव्हे. ती तीव्र ॲलर्जी असू शकते, वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. दोन-चार दिवसांत डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक पार मेली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि गोळीची बाटली सोबत न्या. यकृताची तपासणी करताना कोणतं रूप, किती मिलिग्रॅम आणि किती दिवस, हे तीन प्रश्न पहिल्यांदा विचारले जातील.